सहल पन्हाळ्यालाच न्या, फक्त वाटेत गाडी थांबवा

कोल्हापूर जिल्ह्यातले भूगोल-विज्ञानाचे शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातले अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचं ठरू लागतं. पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ, नवा राजवाडा, नृसिंहवाडी, खिद्रापूर. ठिकाणं उत्तम आहेत, ती बदला असं मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच आहे: वाघबीळ सोडून पन्हाळ्याला चढताना रस्त्यासाठी डोंगर जिथं कापलाय, तिथं रुंद जागा बघून गाडी अर्धा तास उभी करा आणि मुलांना खाली उतरवा. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार तुम्ही शिकवताच. फळ्यावर तो धडा दोन तासिका घेतो आणि तरी मुलांच्या डोक्यात राहत नाही. त्या वळणावर तो अर्ध्या तासात होतो.

मी भूवैज्ञानिक आहे, राहायला कोल्हापुरात. शहरात कुठं इमारतीच्या पायासाठी जेसीबी लागला की मी थांबते. वर भराव किती, काळी माती किती खोल, मुरूम कुठं सुरू झाला, पाषाण कुठं लागला, हे बघितल्याशिवाय पुढं जाववत नाही. शेतात बोअर मारायची गाडी उभी असेल तर पाइपातून बाहेर पडणाऱ्या चुऱ्याचा रंग बघते. तो काळ्याचा तांबूस झाला की आत एक थर संपून दुसरा लागला. जुन्या देवळात गेले की दर्शनानंतर भिंतीच्या दगडातले पांढरे ठिपके शोधते. त्यामुळे हे पत्र कुणा बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला म्हणून वाचू नका. ज्या जमिनीवर तुम्ही आम्ही राहतो, तिच्याविषयी मला वाटतं ते मोकळेपणानं लिहिते आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला ज्वालामुखीचं चित्र काढायला सांगा. तो शंकूसारखा डोंगर काढेल, वर धूर काढेल, आणि खाली जपानचा फुजियामा असं लिहील. ते चित्र तो ज्या फरशीवर बसून काढतो, तिच्याखाली शेकडो मीटर जाडीचे लाव्हाचे थर आहेत, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. इथं शंकू नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला, थिजला, त्यावर पुन्हा नवा आला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबानं फार झपाट्यानं. झीज होऊन उरलेला प्रदेशच आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर आहे. त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. हे सगळं मुलांना सांगताना त्यांचा हात त्या काळ्या दगडावर असावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक गोष्ट तर कोल्हापूरच्या प्रत्येक मुलाला माहीत असायलाच हवी. दख्खनच्या लाव्हा-थरांचे रासायनिक गुणधर्मांवरून गट पाडलेले आहेत. सह्याद्रीच्या या भागात खालून वर पाहत गेलं तर त्यांची नावं अशी येतात: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, डेसूर. दख्खनच्या लाव्हावर काम करणारा माणूस मग लंडनचा असो की अमेरिकेतला, त्याला 'पन्हाळा' हे नाव लिहावं लागतं, कारण वरच्या एका गटाला आपल्या गडाचं नाव आहे. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशाही आत नोंदली जाते. सह्याद्रीतल्या खालच्या अनेक थरांत ती आजच्या उलट आहे, म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं तर त्याची सुई दक्षिणेकडे वळली असती. पन्हाळा गटापर्यंत येताना ती पुन्हा आजच्यासारखी झालेली आहे. महाराजांच्या सुटकेमुळे पन्हाळा आपल्याला पाठ आहे, तो तसा राहायलाच हवा. त्याच्या शेजारी ही दुसरी ओळखही मुलांच्या वाट्याला यावी.

आता चढणीवर प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगते. खालून डोंगराकडे बघितलं की पायऱ्या दिसतात: एक उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा. घट्ट पाषाण कड्यासारखा उभा राहतो, सच्छिद्र आणि कुजका भाग झिजून उतार होतो. कापलेल्या जागी जवळ गेलात की काही दगड एकसंध काळे असतात, तर काहींना बारीक भोकं असतात. लाव्हातले वायूचे बुडबुडे बाहेर पडता पडता अडकले, त्या ह्या जागा. नंतर झिरपलेल्या पाण्यानं त्यांत पांढरी, हिरवट खनिजं भरली. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी पट्टा असतो. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून त्याची माती होऊ लागली होती, ती पुढच्या लाव्हाखाली भाजली गेली. मुलांना आधी काही सांगू नका. "काय काय वेगळं दिसतंय?" एवढं विचारा आणि गप्प राहा. शहरातल्या पोरांपेक्षा विहिरीचं काम बघितलेली पोरं पटापट सांगतील.

मग गाडीत बसा आणि वर या. शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंचीवर दगडाचा रंगच बदलतो. काळा संपतो आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा सुरू होतो. हा दुसरीकडून आलेला नाही. खालचाच काळा दगड हजारो-लाखो वर्षं पाऊस आणि ऊन खात जागच्या जागी कुजला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं. या दगडाचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरम इथल्या दगडावरून केलं. आपल्याकडे मसाई पठार, गगनबावड्याकडचे सडे म्हणजे उघडे सपाट माथे, सगळे याच दगडाचे. हीच प्रक्रिया आणखी पुढं गेली की बॉक्साइट होतं; चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडच्या खाणी त्याच्यासाठी निघाल्या. तटाचा दगड कुठला, दरवाज्यावरची बारीक नक्षी कोणत्या दगडात आहे, जांभ्यात तशी नक्षी टिकेल का, हे मुलांना हात लावून ठरवू द्या.

आणि मग इतिहास आणि भूगोल एकत्र आणणारा प्रश्न विचारा. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता. गडावर नदी नाही. मग एवढ्या माणसांना, घोड्यांना पाणी कुठून आलं? पोरं विहिरी दाखवतील, तळी दाखवतील. पुढचा प्रश्न: एवढ्या उंचीवर विहिरीला पाणी का? उत्तर जांभ्यात आहे. जांभा पाणी आत घेतो, खालची चिकणमाती ते अडवते, म्हणून माथ्यावर पाणी साठतं आणि डोंगराच्या कडेला, जिथं हे दोन थर भेटतात, तिथं झरे फुटतात. गड बांधणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. रसायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण पाणी कुठं लागतं ते ठाऊक होतं, आणि गडाची जागा त्यावर ठरत होती.

याच ठिकाणी मुलांना दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूक बंद पडली. झरा देणारा थर आणि डोंगर सरकवणारा थर एकच असतो. अतिवृष्टीत चिकणमातीवर पाण्याचा दाब वाढतो, वरचा भार सुटतो. त्यात पायथ्याशी कुणी उतार कापला असेल, वरून येणाऱ्या पाण्याची वाट बुजवली असेल, तर काम अधिक सोपं होतं. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दरडीखाली दीडशे माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी आपण हळहळतो, मदत पाठवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुठल्या तरी डोंगराच्या पोटात प्लॉट पाडले जातात. माझं मत स्पष्ट आहे: डोंगराच्या उतारावर बांधकामाला परवानगी देताना भूवैज्ञानिकाची पाहणी सक्तीची हवी, आणि ती कागदावरची नको. पण ही मागणी लावून धरणारी माणसं गावात तयार व्हायची असतील, तर उतारावर नवी भेग कशी ओळखायची, गढूळ झालेला झरा काय सांगतो, एका बाजूला कललेली झाडं कशामुळे, हे दहाव्या-बाराव्या वर्षी बघितलेलं असावं लागतं.

पुराविषयी थोडं. कोल्हापूरच्या मुलाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पाढ्यांसारखं पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं त्याच्या घरानं सोसलेलं असतं. घरात आणि चौकात त्यानं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरची भांडणंही ऐकलेली असतात. त्या वादात मी इथं शिरत नाही. मला त्याआधीचा भाग मुलांना कळावा असं वाटतं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळला पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडचं ते सगळं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून प्रयाग चिखलीला एकत्र येतं, तिथं पंचगंगा होते, आणि तिथून कृष्णेच्या संगमापर्यंत, म्हणजे नृसिंहवाडीपर्यंतचा उतार फारच कमी आहे. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला जागा मिळत नाही, पाणी मागं साचतं. नदीकाठची खोल, सपाट, काळी-करडी माती ही आधीच्या पुरांनीच आणून टाकलेली आहे. म्हणजे नदी तिथं यापूर्वी अनेकदा येऊन गेली आहे, याचा पुरावा आपण नांगरतो आणि आता त्यावर अपार्टमेंटही बांधतो. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. या दोन रेषा आपल्या शाळेच्या, आपल्या घराच्या कुठून जातात, हे आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला नकाशावर बोट ठेवून सांगता यायला हवं. पूर ओसरल्यावर शाळेच्या आवारात जो गाळ राहतो, तो धुऊन टाकण्याआधी पट्टी लावून त्याची जाडी मोजा, तारीख घालून वहीत लिहा. दर पुराला लिहा. वीस वर्षांनी ती वही अभ्यासकांच्याही कामी येईल.

वेळेचं माप मुलांना शिकवणं सगळ्यात अवघड जातं, असं अनेक शिक्षकांनी मला सांगितलं आहे. कोटी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढं काही येत नाही. त्यासाठी मैदानात ४६ मीटरचा दोर टाका. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. आपल्या लाव्हाची जागा आजच्या टोकापासून फक्त ६६ सेंटिमीटरवर येते. आपल्यासारखा माणूस शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहन काळातलं गाव सापडलं. रोमन जगाशी व्यापार असल्याच्या खुणा तिथं मिळाल्या, आणि तिथली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. ते दोन हजार वर्षांपूर्वीचं कोल्हापूर या दोरावर केसाच्या जाडीइतकंही भरत नाही. गडहिंग्लज-चंदगडच्या बाजूला काही ठिकाणी लाव्हाच्या खालून जुना वालुकाश्म डोकावतो, कलादगी गटाचा, शंभर कोटी वर्षांहून जुना. त्याच्यासाठी दोरावर दहा मीटरच्या पलीकडं चालत जावं लागतं. तिकडच्या शिक्षकांना तर पन्हाळ्यापर्यंत यायचीही गरज नाही. तुमच्याकडं त्याहून जुनं धन आहे.

भूकंपाचा धडा घरच्या अभ्यासाला द्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठं होता, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारावं आणि लिहून आणावं. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे १८० माणसं गेली, आणि धरणाच्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळण्याचं ते जगातलं सर्वांत ठळक उदाहरण ठरलं. त्याचाच अभ्यास करण्यासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं आणि त्यासाठीची केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे, आपल्यापासून दीड-दोन तासांवर. वारणेच्या जलाशयाभोवतीही १९९३ पासून धक्के नोंदले जातात. रंकाळ्याविषयी सांगतात की तिथं आधी दगडाची खाण होती, भूकंप झाला आणि ती पाण्यानं भरली. ही कथा वर्गात जरूर सांगा, आणि मग विचारा की खाण खोल गेल्यावर पाणी भरायला भूकंपच लागतो का. शहराभोवतीच्या सोडून दिलेल्या खाणी दाखवा. आणि व्हॉट्सॲपवर "आज रात्री अमुक वाजता भूकंप" असा निरोप आला तर तो खोटा आहे, हे मुलांनीच घरी ठामपणे सांगावं, कारण भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगण्याची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, पोषण आहार, त्यात एका वर्गाला दोन इयत्ता. सहलीच्या परवानग्या, एसटीचं भाडं, पालकांची संमतीपत्रं. म्हणून शिक्षण विभागाला हात जोडून विनंती आहे की याचं नवं परिपत्रक काढू नका. फोटोसह अहवाल मागवू नका. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. तिच्यातली एक हॉलमध्ये घेण्याऐवजी जवळच्या ओढ्यावर, घाटात किंवा नव्यानं खणलेल्या विहिरीच्या काठावर घ्या. शिक्षकांनी एकदा हातात घेऊन बघितलं की पुढं कुणाला काही सांगावं लागणार नाही. ज्या शाळेला सहलीला जाणंच जमत नाही, तिथं मुलांना घरून मूठभर माती आणि एक दगड आणायला सांगा. बाराही तालुक्यांतल्या शाळांनी आपापसांत पुड्या पाठवल्या, तर व्हरांड्यात जिल्ह्याचा नकाशा मांडता येईल: गगनबावड्याची तांबडी, करवीरची काळी, शिरोळच्या क्षारपड रानातली पांढरी पडलेली. ती पांढरी का पडली, हे शिरोळचं शेतकऱ्याचं पोरगं सगळ्या वर्गाला समजावून सांगेल. उसाला पाणी किती दिलं आणि निचरा का झाला नाही, ते त्यानं घरात ऐकलेलं असतं.

एक मागणी गडाविषयी. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता तिथं नवे फलक लागतील, माहितीपत्रकं निघतील. त्यांत चार ओळी दगडाच्याही असाव्यात, असा आग्रह शाळांनी पत्र लिहून धरावा. मुलांनी लिहिलेलं पत्र अधिकारी बाजूला ठेवत नाहीत.

जाताना काही काळजी घ्यायची. दिवाळीनंतर गवत वाळू लागतं आणि कातळ उघडा दिसतो, तेव्हापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यात कापलेल्या डोंगराखाली मुलांना उभं करू नका, एरवीही वर सुटे दगड नाहीत ना ते आधी बघा. चालू खाणीत आणि क्रशरजवळ जायचं नाही. हातोडा न्यायचा नाही; गडावर तर एक खपलाही काढायचा नाही, तो संरक्षित आहे. खाली पडलेला दगड बघायला पुरतो. प्रत्येक मुलाकडे वही-पेन्सिल असू द्या, आणि चार-पाच मुलांत एक भिंग मिळालं तर उत्तम. चित्र काढायला लावा. फोटो काढलेलं मूल बघत नाही, चित्र काढणारं बघतं.

ज्या शाळेला सोबत कुणी यावं असं वाटत असेल, तिच्याबरोबर मी येईन. करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या शाळांसाठी कुठलाही शनिवार चालेल, लांबच्या तालुक्यांसाठी आठ दिवस आधी कळवावं. मानधन नको, गाडीत एक जागा द्या. वाघबीळजवळ मी चढेन.

आपली,
एक भूवैज्ञानिक, कोल्हापूर